सर्वपित्रीचा आकाशपाळणा

सर्वपित्री अमावास्येला आकाशपाळण्यात बसायला जाणारी बाई एकतर वेडी तरी असते नाहीतर निर्लज्ज तरी, असं आमच्या थोरल्या जाऊबाईंचं मत आहे. मी दोन्ही नाही. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि मला रांगेत उभं राहायचा भयंकर कंटाळा आहे, एवढंच.

त्याचं असं आहे, आमच्या शाळेची सहल दरवर्षी मौजबागेत जायची. घोडबंदर रोडला, चेण्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आहे ते पार्क. भाईंदरच्या मराठी शाळेची सहल, ती अजून कुठे जाणार? पोरं पाळण्यात आणि आम्ही बाया खाली बाकावर. कोणाची चप्पल सांभाळ, कोणाचा चष्मा सांभाळ, कोणाला ओकारी झाली की त्याचं कपाळ धर. मी आणि एव्हलिन बोर्जिस, दोघींनी वर्षानुवर्षं त्या पाळण्याखाली बसून मुंड्या मोजल्या. वर जाऊन बसलो एकदाही नाही. शेवटी एका सहलीत एव्हलिनच वैतागली. म्हणाली, "सुचेता, एक दिवस आपण दोघीच येऊ. एकही कार्टं बरोबर नको."

"आणि बाकीची गर्दी? ती काय तुला बघून पळून जाणार आहे?" मी विचारलं.

तोडगा मीच काढला. पितृपक्षात कोण मौजमजा करायला जातं? या पंधरवड्यात लोक साधा मिक्सर विकत घेत नाहीत. त्यातून सर्वपित्री. मराठी म्हणू नका, गुजराती म्हणू नका, मारवाडी म्हणू नका, अर्धंअधिक मीरा-भाईंदर त्या दिवशी घरी खीर ओरपत असतं. दुसऱ्या दिवशी घट बसले की मग सगळे बाहेर पडतात. एव्हलिनला विचार पटला. तरी तिने एकदा विचारून घेतलं, "तुझ्या पितरांना नाही ना राग येणार? आमचं एक बरं, आमचे नोव्हेंबरात येतात." मी म्हटलं, माझ्या पितरांना मी सकाळी पोटभर वाढते, दुपारी ते वामकुक्षीला जातात, त्यांना काय कळतंय.

तेव्हापासून सर्वपित्री आमची. शाळेत त्या दिवशी पोरंही फारशी यायची नाहीत. अर्ध्या दिवसाने सुटलो की आम्ही दोघी थेट पार्कात. काय सुख होतं म्हणून सांगू. नुसता पाचोळा पडलेला, गाणी बंद, पॉपकॉर्नवाला खुर्चीत पेंगतोय. कोलंबस म्हणतात ती झोके घेणारी बोट, तिच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला ती. मधली सगळी बाकडी रिकामी. एकदा उतरलो की पुन्हा चढायचं, कोणी "चला, पुढे व्हा" म्हणणारा नाही. डब्यात मी श्राद्धाचे वडे न्यायची. एव्हलिन ते खायची आणि म्हणायची, दोन कॅजिटनसाठी बांध.

कॅजिटन तिचा नवरा. उत्तनला स्वतःची बोट होती त्याची. मला सुचेताबाय म्हणायचा आणि सुके बोंबील पाठवताना "बायला सांग, वास येतो म्हणून गॅलरीत ठेवू नको, कावळे नेतील" असा निरोपही पाठवायचा. तो मागच्या दिवाळीनंतर गेला. अचानक गेला, जाळं शिवता शिवता.

आणि त्या दिवसापासून एव्हलिन माझ्याशी बोलत नाही.

मी गेले होते ना भेटायला. मयताच्या दुसऱ्याच दिवशी उत्तनला गेले, तिचा हात हातात घेऊन तासभर बसले. बोलायला सुचत नव्हतं, ती पण काही बोलत नव्हती. मग उठून आले. त्यानंतर दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. महिन्याभराने चर्चमध्ये कॅजिटनसाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी झाला. त्याचा निरोप अख्ख्या स्टाफला गेला, आमच्या शाळेतल्या अंबिकाला गेला, जिला कॅजिटन उंच की बुटका हेही माहीत नव्हतं. मला नाही. माझं काय चुकलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारायला गेले नाही. मी का जाऊ? मलाही नाक आहे.

पण गेल्या आठवड्यात अंबिका भाजीबाजारात भेटली. म्हणाली, "बोर्जिस बाई कुवेतला चालल्या, कळलं का? लेकीकडे, नादियाकडे. घर बंद करणार म्हणे. परत येतील असं काही वाटत नाही." मी मेथीची जुडी निवडत होते, ती तशीच खाली ठेवली. रात्री झोप लागली नाही. सर्वपित्री चार दिवसांवर आली होती. ती आली तर त्या दिवशी पार्कात येईल, नाही आली तर मग विषयच संपला. एवढी वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेली माझी मैत्रीण मला न सांगता विमानात बसेल, आणि मी आमच्या इंद्रलोक कॉलनीतल्या गॅलरीत उभी राहून आकाशात विमानं बघत बसेन. हे मला सहन होणारं नव्हतं.

घरी मात्र मी यातलं काही बोलले नाही. सर्वपित्रीला पहाटे उठून वडे केले, खीर केली, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं यथासांग. आमचे शशिकांतराव सोवळं नेसून पानं घेऊन गच्चीवर निघाले. दारात थांबून म्हणाले, "एक पान जास्त झालंय."

"जास्त नाही झालं. घेऊन जा."

"कोणाचं ते तर सांगशील? नाव घ्यावं लागतं."

मी त्यांच्या कानात सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग जिना चढायला लागले. खाली आले तेव्हा मी डबा भरत होते. डब्यातले वडे बघून म्हणाले, "एकटी खाणार एवढे?"

"फिरून भूक लागते."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस, सुचेता. येईल ती. नाही आली तर तू उत्तनला जा, माझ्याच्याने काही तुझं हे तोंड बघवत नाही."

माझं लग्नापासून हेच तोंड आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि निघाले.

गोल्डन नेस्टवरून काशिमीऱ्यापर्यंत शेअर रिक्षा, तिथून बस. बसमध्ये जागा मिळाली यावरूनच दिवस ओळखावा. पार्काच्या फाटकावर एक बाई मोबाईल बघत बसली होती, तिने मान वर न करता हातावर शिक्का मारला. आत नेहमीसारखा शुकशुकाट. बुरख्यातली, नयानगरकडची एक आई दोन लहान मुलींना घेऊन झुकझुक गाडीत बसली होती, आणि कॉलेजातलं एक जोडपं झाडामागे. त्या दोघांना पाळण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. एव्हलिन कुठे दिसली नाही.

मी सरळ आकाशपाळण्याकडे गेले. तो चालवतो चंदन. सहावी 'ब'मध्ये माझ्याकडे होता, आता कानाजवळचे केस पिकलेत, पण मला बघितलं की अजून विडी लपवतो.

"नाचणे बाई, एकट्याच? बोर्जिस बाई?"

"मला काय माहीत. दार उघड."

चंदन डोकं खाजवत उभा राहिला. "बाई, एकट्याला नाही चालवता येत. तुम्हाला तर माहिती आहे. समोरच्या पाळण्यात वजन लागतं. एका बाजूलाच भार आला तर चाक गचके खातं."

माहीत होतं मला. दरवर्षी तो आम्हाला असाच बसवायचा, ती एका टोकाला आणि मी बरोब्बर समोरच्या टोकाला. शेजारी शेजारी बसलो तर चाक एका अंगाला कलतं म्हणायचा. पण ती नाही म्हणून मी पाळण्यात बसायचं नाही, हे ऐकून माझं डोकं फिरलं.

"मग गोण्या ठेव वाळूच्या. त्या काय पूजेला ठेवल्यात?"

"ठेवल्या असत्या बाई, पण उचलायला कोण आहे? पोरं सगळी गावाला गेलीत. मी एकटा किती उचलू, कंबर धरलीय माझी."

मी कोलंबसकडे गेले. तिथलाही तेच म्हणाला, दोन्ही टोकांना एकेक तरी हवा. फिरत्या कपबश्यांवाला म्हणाला, एका कपासाठी मशीन नाही लावत, मॅडम. म्हणजे बघा, अख्खं पार्क माझ्या एकटीचं आणि बसायला मिळेना. गर्दी नको नको म्हणून जन्म गेला आणि आता एक माणूस कमी पडत होतं. मी पाळण्याखालच्या त्या जुन्या बाकावर येऊन बसले, डबा मांडीवर घेतला आणि पाचोळ्याकडे बघत राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग फाटकातून काळा पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई आत आली. चाल ओळखीची होती. पर्स काखेत दाबून, पाय किंचित फेंगडे टाकत. धावत जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी, मी का म्हणून जाऊ, असंही वाटलं. मी बसूनच राहिले.

तिनेही मला बघितलं. थबकली, मग मान वळवून कोलंबसकडे चालू लागली. तिथल्या माणसाने हात हलवून काहीतरी सांगितलं. ती कपबश्यांकडे गेली. तिथूनही परत. आम्ही दोघी एकाच पार्कात, एकाच नियमाला अडकलेल्या, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना. शेवटी ती आकाशपाळण्यापाशी आली. माझ्याकडे न बघता चंदनला म्हणाली, "चालू आहे का?"

चंदनने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. "आता चालू होईल, बाई. आता वजन झालं." आणि मला हाक मारली, "नाचणे बाई, तुम्ही आधी."

मी डबा घेऊन चढले. त्याने माझ्या पाळण्याचा दांडा लावला आणि चाक अर्धं फिरवलं. मी सगळ्यात वर पोहोचले तेव्हा खाली ती चढत होती. वरून मला तिचं डोकं दिसलं. केस पांढरेशुभ्र झाले होते. मागच्या वर्षीपर्यंत ती दर महिन्याला रंगवायची, कॅजिटन ब्रश धरून लावून द्यायचा. आता कोण लावून देणार? मला फार वाईट वाटलं.

चाक सुरू झालं. पावसाने डोंगर अजून हिरवेगार होते, पलीकडे खाडीचं पाणी चकाकत होतं, दुसऱ्या बाजूला मीरा रोडच्या इमारतींची दाटी. पहिल्या फेरीत आम्ही दोघींनी फक्त देखावे बघितले. आमच्या पाळण्यांची गंमत अशी की मी वर असते तेव्हा ती खाली, ती वर तेव्हा मी खाली. फेरीत दोनदा आम्ही एका पातळीवर येतो, समोरासमोर, मध्ये चाकाची रुंदी. तेवढ्यात काय बोलायचं ते बोलायचं, मोठ्याने. एरवी आम्ही तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या नकला करायचो.

दुसऱ्या फेरीत समोर आलो तेव्हा माझा धीर सुटला. मी ओरडले, "मला मिस्साला का नाही बोलावलंस?"

तिने तोंड उघडलं, पण तोवर ती वर निघाली आणि मी खाली. खाली चंदन लिव्हर धरून अगदी निर्विकार चेहऱ्याने उभा होता. मी त्याच्यासमोरून गेले, वर चढले, पुन्हा समोरासमोर आलो.

"जी बाई माझ्या घरची घोटभर कॉफी घेत न्हाय, तिला मिस्साला कशाला बोलवू?" एव्हलिन म्हणाली.

शाळेत एव्हलिनचं मराठी इतकं शुद्ध की इन्स्पेक्टर चकित व्हायचे. चिडली की मात्र उत्तनची बोली बाहेर यायची. म्हणजे चिडली होती. मला आठवलं, तिच्या नणंदेने त्या दिवशी ट्रे आणला होता. कॉफी आणि बिस्किटं. मी हाताने बाजूला सारला होता.

"मयताच्या घरी कोणी कॉफी पितं का?" पुढच्या भेटीत मी.

"आमच्यात पितात. आलेल्या माणसाला आम्ही कोरडा न्हाय पाठवत. दुःख हाय म्हणून माणूस माणसाला पाणी देत न्हाय का?"

चाक फिरलं. मी वर होते, वारा होता, ती खाली चंदनजवळून जात होती. समोर आलो तेव्हा तिचा आवाज चिरकला होता.

"आणि कॉफीचं सोड. गेलीस कशी तू? एक शब्द न्हाय. मी दारापर्यंत तुझ्या मागे आले, तू चपला घातल्यास आणि चालायला लागलीस. मागे वळून पण बघितलं न्हाय. सगळ्या आळीने बघितलं. तीस वर्षं माझ्या डब्यातले बोंबील खाल्लेस, आणि त्या दिवशी तुला माझं घर बाटलं?"

अर्धी फेरी. बाटलं. असा विचार हिने केला, आणि अकरा महिने पोटात घेऊन बसली.

"एव्हलिन," मी म्हटलं, म्हणजे ओरडलेच, "मरणाच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत. मागे वळून बघत नाहीत. आमच्यात तसंच असतं. येते म्हटलं तर पुन्हा यावं लागतं, त्याच कामासाठी. तुझ्या घरी मी पुन्हा तसल्या कामाला येऊ?"

ती वर गेली. आणखी अर्ध्या फेरीने म्हणाली, "हे मला कसं न्हाय ठाऊक?"

"तुला कोण सांगणार? न बोलायची गोष्ट कोणी बोलून दाखवतं का?"

"पण मला ठाऊक न्हाय, हे तुला ठाऊक होतं ना?"

प्रश्न बरोबर होता. गणिताची बाई आहे ती. मी म्हटलं, "मरणाच्या घरी माणूस डोक्याने चालतो का, बये? सवयीने चालतो. तू रडत पण नव्हतीस, नुसती भिंतीकडे बघत होतीस. मला काही सुचत नव्हतं."

खालून चंदन म्हणाला, "बाई, वेळ झाली. थांबवू?"

"तुला कोणी थांबव म्हटलं?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. तो बिचारा पुन्हा लिव्हर धरून उभा राहिला. मागे रांग थोडीच होती.

"म्हणजे," एव्हलिन पुढच्या वेळी म्हणाली, आता तिचा आवाज जरा बदलला होता, "तुझी सासू गेली तेव्हा मी आले होते..."

"आली होतीस."

"मला कोणी पाणी पण विचारलं न्हाय. मी म्हटलं, दुःखात हायत बिचारे."

"चूल पेटवत नाहीत."

अर्धी फेरी.

"आणि निघताना मी काय म्हटलं होतं?"

हे मी तिला कधी सांगणार नव्हते. पण आता विचारलंच होतं. "तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, येते हां सुचेता, परत येते. चांगलं खणखणीत. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी तिथल्या तिथे कपाळावर हात मारला."

ती वर गेली, मी खाली. समोर आलो.

"मग?"

"मग काय. तीन महिन्यांत सासरे गेले."

एव्हलिन वर गेली. मी खालून बघितलं तर तिने ओढणी तोंडावर धरली होती आणि खांदे हलत होते. कुठून बोलले असं झालं. चंदनही मान वर करून बघू लागला. पाळणा खाली उतरून समोर आला तेव्हा कळलं, ती हसतेय. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतेय.

"आणि तू मला... एवढी वर्षं... बोलली न्हायस?"

"काय बोलणार? सासरे नव्वदीच्या पुढचे होते. जाऊबाई मात्र अजून तुझ्या नावाने बोटं मोडतात."

मग मलाही आवरेना. त्या रिकाम्या पार्कात आम्ही दोन म्हाताऱ्या, एक वर एक खाली, हसत फिरत होतो. झाडामागचं ते जोडपं बाहेर येऊन बघायला लागलं. झुकझुक गाडीतल्या मुलींनी हात हलवले, तर एव्हलिनने वरून त्यांना टाटा केला.

उतरलो तेव्हा गुडघे आखडले होते. चंदनने आधी मला उतरवलं, मग तिला. वर ओरडून बोललो ते ठीक, खाली हातभर अंतरावर वेगळंच वाटत होतं. शेवटी तिने माझ्या हातातला डबा बघितला.

"वडे आणलेस?"

"मग काय दगड आणलेत?"

बाकावर बसलो, आमच्याच बाकावर. एव्हलिन खायला लागली. तिसऱ्या वड्याला हात घालताना थांबली. दरवर्षी इथेच ती म्हणायची, दोन बांध. तिचा हात डब्यावर तसाच राहिला. काय आठवलं ते मला कळलं.

"त्याला वाढून आलेय मी," मी म्हटलं.

"कोणाला?"

"कॅजिटनला. आज सगळ्यांचं असतं ना, घरच्यांचं, बाहेरच्यांचं, ज्यांचं कोणी करत नाही त्यांचंही. सकाळी त्याचं पान मांडलं. आमच्या ह्यांनी त्याचं नाव घेऊन गच्चीवर ठेवलं. चार वडे, खीर. चटणी जरा जास्त वाढली, त्याला आंबट आवडायचं."

एव्हलिनने वडा डब्यात ठेवला आणि ओढणीने डोळे पुसले. या वेळी खरोखरच रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. घाई नव्हती कसलीच.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग? कावळा आला?"

"आमच्याकडे कावळे कुठे राहिलेत. इंद्रलोकात सगळी कबुतरं. पहिलं कबुतरच बसलं त्याच्या पानावर, म्हणे."

"कॅजिटनला चालेल," ती म्हणाली. "कावळ्यांचा त्याला रागच होता." आणि तिसरा वडा उचलला.

मग आम्ही कोलंबसमध्ये बसलो, दोन टोकांना दोघी. मग कपबशीत, दोन वेगवेगळ्या कपांत, म्हणजे त्या माणसाला मशीन लावायला निमित्त. कुवेतचा विषय तीच काढेल म्हणून मी गप्प होते. ती काढेना. उन्हं कलली, पॉपकॉर्नवाल्याने गाडी झाकायला घेतली, उद्याच्या गरब्यासाठी दोन माणसं फाटकावर माळा लावायला लागली, तेव्हा मलाच राहवलं नाही.

"किती दिवसांसाठी चाललीस नादियाकडे?"

"ती म्हणते कायमची ये. तिकीट तिने एका बाजूचं काढलंय." ती पायाने पाचोळा सारत होती. "मी पण म्हटलं, इथे आता हाय कोण माझं."

मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. बोलायला गेले असते तर भांडले असते. आम्ही बाहेर आलो. समोरून एक रिकामी रिक्षा आली, भाईंदर स्टेशनला जाणारी. तिथून तिला उत्तनची बस. मला उद्याच्या घटाचं सामान घ्यायला ठाण्याला जायचं होतं, ती बस दुसऱ्या बाजूला. ती रिक्षात बसली. सवयीने माझ्या तोंडावर "येते" आलं आणि अडकलं. सकाळी श्राद्ध झालेलं, तिच्या अंगावर काळे कपडे, मरणाच्या एवढ्या गोष्टी बोललो, आता म्हणावं की नाही, माझं मलाच कळेना. मी नुसती मान हलवली.

एव्हलिनने रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भैया, रुको जरा." आणि बाहेर डोकं काढून मला म्हणाली, "सुचेता, परत तशीच जातेस? म्हण."

"येते," मी म्हटलं.

"कधी?"

"उद्या. सकाळी घट बसवते आणि दुपारी येते. कॉफी टाकून ठेव."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मग पर्स काखेत नीट दाबत ती म्हणाली, "मी पण येते."

"तू कुठे येतेस?"

"पुढच्या सर्वपित्रीला. नादियाला सांगते, परतीचं पण काढ. चंदनला सांगून ठेव, गोण्या भरू नको म्हणावं."

रिक्षा सुटली. मी रस्ता ओलांडून माझ्या बसथांब्यावर गेले, रिकामा डबा हातात घेऊन उभी राहिले, आणि पलीकडे ती रिक्षा वळेपर्यंत बघत राहिले.